एकाच आईची मुलं

नितीनचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बियांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावत होतो. "संदीप, मम्मी नहीं रहीं," तो म्हणाला. "चाय माँगी थी. मैं लेकर आया, तब तक..." मी "हाँ, आता हूँ" एवढंच बोलू शकलो. शालिनीमावशी, म्हणजे त्याची आई, ऐकत असत्या तर नक्की म्हणाल्या असत्या, "दुःखात तरी मराठी बोल रे." त्याला आता सहा आठवडे झाले.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावातून, घरातला पहिला पदवीधर म्हणून मी नोकरीसाठी लखनऊला आलो आणि वृंदावन योजना या वसाहतीत खोली शोधत फिरत होतो. एका सब्जीच्या ठेल्यापाशी एक बाई भेंडी मोडून बघत होत्या. "भैया, ये भिंडी है कि दातून?" मला हसू आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "जूनच आहे खरं." त्या गर्रकन वळल्या. "कुठला रे तू?" मी सांगितलं. "आणि इतका वाळलेला कसा? चल, आधी जेव." त्या दुपारी जेवलो, आणि पुढची चार वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. नोकरी कायम झाली तेव्हा माझ्या वडिलांना फोन त्यांनीच लावला. वडिलांना रडू फुटलं. "रडा हो, रडा, चांगल्या गोष्टीलाही रडतात माणसं," असं त्या फोनवर म्हणत होत्या. त्यांचे यजमान बँकेच्या बदलीने इकडे आले होते. ते गेल्यावरही मावशी इथेच राहिल्या. माहेर मात्र रत्नागिरीकडचं, आणि बोलणंही शेवटपर्यंत तिकडचंच.

भाऊबीजेला त्या तबक घेऊन गच्चीवर जायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या. पहिल्या वर्षी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझा भाऊ समुद्रात आहे." होता असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांचा दादा नौदलात होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या युद्धात त्याचं जहाज बुडालं, तेव्हा मावशी चौदा वर्षांच्या होत्या. देह मिळाला नाही. त्यांच्या आईने तो गेला असं कुणाला म्हणू दिलं नाही, की त्याचं दिवसपाणी करू दिलं नाही.

गेल्या वर्षी दिल्लीहून पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका किनाऱ्यावर जुन्या कबरी सापडल्या होत्या. वाहून आलेले देह तिथल्या मच्छीमारांनी त्या वेळी पुरले होते. त्यात आपल्या जहाजावरचे खलाशी असावेत, हाडांची ओळख पटवायला नातेवाइकांचे नमुने हवेत, असं त्यात लिहिलं होतं. नितीन म्हणाला, "मम्मी, छोड़ो ना. इतने साल हो गए." मावशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी झाले असतील." मग माझ्याकडे वळल्या, "संदीप, फॉर्म तू भर. तू यातलं शिकलायस."

मला फार मोठं वाटलं. जेवणाच्या टेबलावर पेन घेऊन मी बसलो. एकेक रकाना मोठ्याने वाचत होतो, मावशी सांगत होत्या, मी लिहीत होतो. एक रकाना असा होता : तुमची आणि बेपत्ता व्यक्तीची जन्मदाती आई एकच आहे काय? तो मात्र मी वाचला नाही. ज्या बाईने उभा जन्म या भावासाठी चंद्र ओवाळला, तिला हे विचारायचं म्हणजे अपमानच, असं मला वाटलं. मी ‘होय’वर खूण केली. मावशींच्या डोळ्यांवर चष्मा होता. त्या खुणेकडे बघत राहिल्या. मग मी दिलेली कापसाची काडी त्यांनी गालाच्या आतून फिरवली. "एवढ्याशा काडीवर कळेल?" मी रुबाबात सांगितलं, "आईकडून मुलाला मिळालेला धागा असतो, मावशी. तो जुन्या हाडांतही टिकतो." त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. कुठल्याच हाडांशी नमुना जुळला नव्हता. मावशी मेथी निवडत होत्या. मी समजूत घालायला लागलो, "कदाचित दादा त्यांच्यात नसतीलच." त्या खालमानेने म्हणाल्या, "असेल रे. खूण चुकली."

मग त्यांनी सांगितलं. दादा चुलत्यांचा मुलगा. त्याची आई बाळंतपणातच गेली, चुलतेही वर्षभरात गेले. मावशींच्या आईने त्याला अंगावर पाजून वाढवलं. घरात ‘चुलत’ हा शब्द काढायची बंदी होती. दादाला स्वतःला कधी कळलं नाही. आईने जाताना लेकींकडून शब्द घेतला होता की बाहेर बोलायचं नाही.

"पण मावशी, फॉर्म भरताना तरी..."

"तू खूण केलीस ना, तेव्हा फार बरं वाटलं रे. सरकारी कागदावर तो माझा सख्खा झाला."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. वाचायचं काम माझं होतं. त्यानंतर आम्ही दादाच्या जन्मदात्या आईच्या माहेरचं कुणी शोधायला लागलो. वडिलांकडचा धागा फक्त पुरुषांतून पुढे जातो, आणि घराण्यात पुरुषच उरला नव्हता. मावशी आणि त्यांच्या दोन बहिणी, एवढंच. पण त्या बाईचं माहेरचं आडनाव कुणालाच आठवेना. ज्या नावाचा उच्चार घराने इतकी वर्षं केला नाही, ते सापडणार कुठे? गावाकडे पत्रं पाठवली, फोन केले. शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून मावशींच्या आईचंच नाव निघालं. दिल्लीला खरी हकीकत कळवली. ‘मातेकडील नातेवाइकाचा नमुना पाठवावा’ असं उत्तर आलं. मावशी रोज विचारायच्या, "लागला का कुणाचा पत्ता?" पुढे पुढे विचारणं सोडून नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. तेव्हा मी जिना चढताना पावलं न वाजवता जायचो. आज त्याची लाज वाटते.

मागच्या रविवारी नितीनने मला त्यांचं कपाट आवरायला बोलावलं. साड्यांच्या मागे एक नाडीची कापडी पिशवी निघाली. आत केसांची लहान लहान भेंडोळी होती. विंचरताना निघालेलं गुंतवळ टाकायचं नाही, बोटाला गुंडाळून ठेवायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. काळं, करडं, पांढरं, सगळं होतं. नितीनने पिशवी माझ्यापुढे धरली. "यार, बाल से भी टेस्ट होता है ना? मामा के लिए कुछ हो सकता है?" आजवर त्या माणसाला मामा म्हणताना मी त्याला ऐकलं नव्हतं.

त्या केसांत मावशी होत्या. त्या धाग्याने त्यांची आईही होती, दादाला दूध पाजणारी. पण पाजलेलं दूध हाडांत शोधता येत नाही.

मी नकारार्थी मान हलवली. नितीनने नाडी ओढून गाठ मारली, आणि पिशवी साड्यांच्या मागे ठेवून दिली.