घोटभर पाण्यासाठी तीन रविवार

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी आई वारली. मी यवतमाळला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन शेजारच्या काकूंनी केला.

आईला मी याडी म्हणायचे. आमच्या तांड्यात आईला हाच शब्द आहे. वडील गेल्यावर ती महागावकडून माझ्याजवळ राहायला आली, तेव्हा मी शहरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत होते. जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हता आणि शहरातले तळमजल्याचे घर माझ्या पगाराला. "दिवाळीपर्यंत पाहते. नाहीतर जाते तांड्यावर," असे तिने एकदा भाकरी थापता थापता सांगून टाकले. तांड्यावर तिच्याकडे बघणारे कोणी उरले नव्हते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

म्हणून मी शहराबाहेरच्या नव्या वसाहतींतली, लेआऊटमधली घरे पाहू लागले. एका वहीत तक्ता आखला. भाडे, ऑटोच्या थांब्याचे अंतर, कॉलेजला पोचायला लागणारा वेळ, रस्त्यावरचे दिवे, कंपाउंडची भिंत. तीन रविवार आम्ही फिरलो. याडी तक्त्याकडे ढुंकून पाहायची नाही. घर दाखवणारा माणूस कुलूप काढेपर्यंत ती शेजारच्या दारात जाऊन उभी राही.

"बाई, घोटभर पाणी देतेस का?"

"याडी, बाटली आहे ना माझ्या पिशवीत," मी ओशाळून म्हणे.

"ती तुझी. ठेव."

आमची माणसे पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. तळ पडायचा तो पाणी पाहून. याडी त्याच जुन्या रीतीने पाणी चाखते आहे, असे मला वाटले. पुस्तके वाचून माझे असे पुष्कळ गैरसमज झालेले आहेत.

पहिल्या ठिकाणी डांबरी रस्ता होता, प्रत्येक खांबावर दिवा होता. शेजारणीने जाळीच्या दारातून पाण्याची बाटली दिली, हसली आणि दार लावून घेतले. मला ती फार आवडली. काही न विचारणारी शेजारीणच मला हवी होती. याडी ऑटोत बसताना म्हणाली, "पाणी थंड आहे. इथं नको." दुसऱ्या रविवारच्या गल्लीत तर तिच्या हाकेला एकही दार उघडले नाही.

तिसरे घर दारव्हा रस्त्याला, शहरापासून बरेच लांब. मुरुमाचा रस्ता, निम्मे दिवे बंद, पलीकडे कपाशी. शेजारच्या ओट्यावर एक बाई तूर निवडत बसल्या होत्या.

"काहून वं आजी, एवढ्या उन्हात कोणाकडे आल्या?"

"घोटभर पाणी दे वं बाई."

"देतो ना. आधी सावलीत बसा. हे पोरगी तुमची? मास्तरीन दिसते. लगन झालं काय?"

"कुठचं लगन! घरभर पुस्तकं आहेत हिची."

"मंग पुस्तकं च्या करून देतात काय?"

दोघी हसल्या. मी वहीत पाहत राहिले. आमचे गाव, याडीचे गुडघे, माझी नोकरी, सगळे त्यांनी दहा मिनिटांत काढून घेतले. याडी दोन गिलास पाणी प्याली आणि पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "हे घर घे."

"याडी, ऑटोचा थांबा लांब आहे. दिवे नाहीत."

"दिवे तुले. दिवसभर इथं कोण राहीन? मी, का तुझी वही?"

मी ते घर घेतले, पण मनापासून नाही. काकू रोज अकराच्या सुमारास भिंतीवरून याडीला हाक मारायच्या, आणि संध्याकाळी ती काय जेवली ते मला फाटकातच ऐकवायच्या. मला उशीर झाला की दोघी कोपऱ्यावर उभ्या असत. त्या उभ्या राहण्याचा मला कधीकधी रागही यायचा.

त्या मंगळवारी हाकेला ओ आली नाही. काकू आत आल्या, तेव्हा याडी दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. मी पोचले तोवर सगळे संपले होते. तक्त्यात मी पस्तीस मिनिटे लिहिली होती, तेवढीच लागली.

"पाणी मांगलं ताई त्यायनं," काकू म्हणाल्या. "पाजलं मी. दोन घोट घेतले."

गेल्या महिन्यात कॉलेजजवळ एक खोली रिकामी झाली. पायी दहा मिनिटे, भाडेही परवडणारे. मी पाहून आले आणि नको म्हणून कळवले.

आता भिंतीवरची हाक सकाळी येत नाही. संध्याकाळी, मी फाटक उघडले की येते.

"आली काय वं?"

"आले काकू," मी म्हणते. घराची दुसरी चावी त्यांच्याकडे असते.