डाव्या पायाचा दाखला

मी लिहायला बसलो हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कागद यायचा तो पुडीचा, आणि पुडी सोडली की तो चुलीत जायचा. शास्त्रीय संशोधनावर बोलायचा मला काय अधिकार? पण ज्या निबंधाविषयी लिहितोय, त्यात माझा डावा पाय छापला आहे. तेवढ्या हक्कावर लिहितो.

सर आम्हाला नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे डॉक्टर, पण रोग्यापेक्षा रोगाची ओढ जास्त. त्यातही नारूची. पारनेरकडच्या आमच्या गावात सगळे बारवेत उतरून पाणी भरत, तेच पीत, आणि वर्षभरानं कुणाच्या तरी पायातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढी. पहिल्या वर्षी मी लंगडत वर्गात आलो तेव्हा बाकीच्यांनी विचारलं, "काय लागलं?" सरांनी विचारलं, "कोणता पाय?"

डावा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. किडा पाणी लागेल तिथून बाहेर पडतो, आणि बारवेत उतरताना माणूस डावा पाय आधी टाकतो, म्हणून नारू डाव्या पायातच जास्त, असं त्यांचं मत. मला फोटो स्टुडिओत नेऊन माझा पाय स्टुलावर ठेवला. मागे ताजमहालाचा पडदा होता.

"चेहरा नको?" फोटोवाल्यानं विचारलं.

"चेहऱ्यात काही नाही," सर म्हणाले.

निबंध परदेशातल्या मासिकात छापून आला. फोटोही आला, पण उलटा. डाव्याचा उजवा झालेला. ताजमहाल दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे छापणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. सरांनी ते पान उजेडासमोर धरलं आणि मागून बघत म्हणाले, "असं बघितलं तर बरोबर आहे." वसतिगृहातली पोरं मात्र मला "ए भुता, तुझे पाय उलटे" म्हणायला लागली.

मग कळलं, निबंध छापून भागत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्याचा दाखला द्यावा लागतो. तसा एक तरी मिळाल्याशिवाय विद्यापीठ सरांना मार्गदर्शक मानणार नव्हतं. आणि सर मार्गदर्शक झाले नाहीत, तर त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. करायचा माझा बेत संपला. वडिलांनी माझ्यासाठी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीचा शब्द टाकून ठेवला होता.

वडिलांना मी हे समजावलं, तर ते म्हणाले, "दाखलाच पायजे ना? तलाठी आपल्या आळीतच राहतो. मास्तरला म्हनावं, सातबारा घिऊन ये."

"तसला नाही, दादा. परदेशातल्या माणसानं द्यायचा असतो."

"आनि त्यो मास्तरला वळखतो व्हय?"

"नाही."

"मंग कशाला दील?"

 कुणी दिलाय का बघायला सर अधूनमधून एस.टी.नं पुण्याला जाऊन तिथल्या ग्रंथालयात मासिकं चाळत. एकदा मला बरोबर नेलं. मासिक शेवटाकडून उघडायचं, तिथली नावांची यादी बोटानं वाचायची, मिटायचं. तिथल्या शिपायानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सर, लग्नपत्रिकेत आपलं नाव छापलंय का बघतात, तसं बघताय तुम्ही." मी यादी वाचली आणि मला ते पटलं. तीच तीच नावं पुन्हा पुन्हा. ह्यानं त्याचं छापलेलं, त्यानं ह्याचं. सरांना मात्र कुणी निमंत्रकांत घेतलं नव्हतं.

दुसरा निबंध लिहावा तर दुष्काळ पडला. बारवा आटल्या, टँकर आले, नारू कमी झाला. जिल्ह्यात त्याचं दुःख झालेला एकच माणूस असावा, आणि तो म्हणजे आमचे सर.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी गावी आलो. कारखान्यावर पुढच्या सोमवारी जायचं ठरलं. त्याआधी वडील नगरच्या बाजाराला गेले आणि संध्याकाळी परतले ते हातात पेढा घेऊन.

"तुझा मास्तर स्टँडवर भेटला," ते म्हणाले. "झाला म्हनं दाखला."

मी उभाच राहिलो. "कुणी दिला?"

"हाय कुनी परदेशातला डाक्टर. त्यानं लिवलंय, ह्यांचं चुकलंय. ह्ये म्हनत्यात डावा पाय आन् फोटू उजव्याचा. आन् मास्तर पेढं वाटत हुते. चूक काढली म्हनून पेढं वाटनारा मी पयल्यांदाच बघितला."

"पण विद्यापीठ?"

"त्येबी इचारलं. तर म्हनले, दाखला दिला का, येवढंच बघत्यात, कशापायी दिला ते न्हाई. जूनमधी पोराला धाडा, काट्यावर नको."

पेढा माझ्या हातावर ठेवून ते खाली बसले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले.

"कंचा हुता रं?"

"डावा."

"मंग त्यो डाक्टर येडा हाय," वडील म्हणाले, आणि त्यांनी पागोटं काढून ठेवलं.