खदानीतला गूळ

बाबा खदानीतून यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. ओट्यावर टेकायच्या आधी ते दुपट्ट्याची गाठ सोडत आणि आतला गुळाचा खडा आईच्या हातात देत. आई तो वरवंट्यानं फोडून आम्हा दोघा भावांना अर्धा अर्धा वाटायची. त्यावर बारीक भुकटी बसलेली असे. मी ती सदऱ्याला पुसून काढायचो. धाकटा तसाच तोंडात टाकायचा.

धान कापून झालं की आमच्या केशोरीकडची बरीच माणसं गिट्टीच्या खदानीत जातात. बाबा आधी तेवढ्यापुरतेच जायचे, पुढं बाराही महिने जाऊ लागले. ते ड्रिलवर होते. सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायची. मशीन सुरू झाली की भोकातून पिठासारखी धूळ उसळते आणि धरणाऱ्याच्या तोंडावर येते. काम सुटताना मालकाचा मुन्शी प्रत्येकाला गुळाचा एक खडा द्यायचा. गुळानं धूळ खाली उतरते, छाती साफ राहते, असं सगळे मानत. गूळ देणारा मालक चांगला, असंही मानत. मी बी.एस्सी. झालो तेव्हा बाबा मला पेढे घेऊन त्याच्या पाया पडायला घेऊन गेले. मी मनापासून पाया पडलो. त्या खदानीवरच मी शिकलो होतो.

मी शाळेत नोकरीला लागलो त्या सुमारास बाबांचा खोकला थांबेना. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या. पूर्ण कोर्स झाला तरी दम लागायचा तो लागतच राहिला. मग गोंदियाच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, दगडाचं काम करता का? मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे आणि ती काढायचं औषध नाही. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडलं असतं तर तिचा तिथंच चिखल झाला असता, ती उडालीच नसती. मास्कही हवा, पण आधी पाणी. मी गुळाचं विचारलं. ते म्हणाले, गूळ पोटात जातो.

बाबांनी मात्र आपलं कारण आधीच शोधून ठेवलं होतं.

"माहीच चूक झाली," ते म्हणाले. "सारे गूळ खात. मी खाल्लाच नाई. घरी आणत गेलो."

आई चुलीकडे तोंड करून बसली. मी वहीवर चित्र काढून दाखवलं, एक नळी पोटात जाते, एक फुप्फुसात. त्यांनी ते नीट पाहिलं. दोन घरं पलीकडचा माणूस रोज गूळ खाऊनही असाच खोकत घरी बसला आहे, हेही मी सांगितलं. तो दारू पेत होता, बाबा म्हणाले. बाकीचे गूळ खाणारे अजून कामावर जाऊन राहिले ना? ज्यांना दम लागतो ते घरीच बसतात, म्हणून कामावर धडधाकटच दिसतात, हे त्यांना पटलं नाही.

बाबांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण तोवर धाकटा त्याच खदानीत ड्रिल धरू लागला होता आणि त्याची छाती अजून चांगली होती. म्हणून मी मुन्शीला भेटलो. इटियाडोह धरणाचं पाणी कोसभरावरच्या धानाच्या बांध्यांत खेळतं, इथं ड्रिलपुरतं मिळत नव्हतं असं नाही. माझ्यासमोरच टँकर ऑफिसच्या रस्त्यावर पाणी शिंपत होता, मालकाच्या गाडीवर धूळ बसू नये म्हणून. त्यातलंच थोडं नळीनं ड्रिलपर्यंत न्या, एवढंच मी म्हणालो. मुन्शीनं चहा मागवला.

"गुड़ तो दे रहे हैं ना, मास्टरजी," तो म्हणाला. "फिर भी सेठजी से बोल देता हूँ."

आठवड्यानं धाकटा हसतच घरी आला. गुळाचा खडा दुप्पट झाला होता. मास्टर जाऊन बोलला म्हणून वाढला, असं खदानीत सगळे म्हणत होते. बाजारात दोघांनी मला थांबवून रामराम केला. पाणी काही आलं नाही.

मी नागपूरहून चांगला मास्क आणून दिला. धाकट्यानं तो काही दिवस लावला, मग खुंटीला अडकवला. "ड्रिल धरून त्यात दम नाई घेता येत, भाऊ. तू लावून पाय ना उन्हात." मी लावून पाहिला. तो खोटं बोलत नव्हता.

आता संध्याकाळी तो येतो तेव्हा त्याची मुलगी दारापर्यंत धावते. तो खिशातून गूळ काढतो, तिच्याकडे पाहतो, मग बाबांकडे. बाबा भिंतीला उशी लावून बसलेले असतात. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही.

"तिले देऊ नको," ते म्हणतात, आणि मध्येच थांबून श्वास घेतात. "तूच खा. माह्यासमोर खा."

धाकटा मुलीकडे पाठ करून सगळा खडा खातो. त्याच्या भुवया पांढऱ्या असतात. शेवटचा घास उतरेपर्यंत बाबा त्याच्या गळ्याकडे बघत राहतात, आणि मग त्यांचा चेहरा निवांत होतो.