बुध गेला, हौद राहिला

धारूरच्या बसमध्ये कंडक्टरनं माझ्या पेटीवर टकटक केलं. "ह्यात काय हाय, बाई?"

"दुर्बीण. सूर्य बघायची."

"त्याला दुर्बीण कावून? डोक्यावरच बसलाय की, हालंना."

सगळी बस हसली, मीही हसले. खिडकीबाहेर बालाघाटाचे डोंगर उघडेबोडके तापत पडले होते. त्या मे महिन्यात बुध ग्रह सूर्याच्या पुढून जाणार होता, आणि तो दाखवायला मला धारूरजवळच्या एका वाडीतल्या महिला दूध संस्थेनं बोलावलं होतं. असले कार्यक्रम मी हौसेनं करते. भीती एकच असते. लोक दुर्बिणीला डोळा लावतात, एवढासा काळा ठिपका बघतात आणि म्हणतात, "एवढंच?"

संस्थेच्या चेअरमन कौसाबाई फाट्यावर उभ्या होत्या. "जय भीम, बाई," म्हणत त्यांनी पेटीचं एक टोक धरलं. दूध आटलेलं, त्यामुळे संस्थेच्या दारात कॅन पालथे पडलेले. पण आवारातला संस्थेचा हौद काठोकाठ होता. टँकर सकाळीच त्यात रिता झाला होता, आणि पुढचा कधी येईल हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. अख्खी वाडी ह्याच हौदावर होती.

आम्ही कौसाबाईंच्या ओसरीत भाकरी, ठेचा आणि वाळवलेल्या गवारीची भाजी खात होतो, तेवढ्यात शेजारीण दारातच थबकली. "वेध लागलेत, आन तुमी जेवताव?"

मला कळेना. मग उलगडा झाला. दुधाच्या फॅटचे आकडे लिहायच्या फळ्यावर कौसाबाईंनी लिहिलं होतं, 'सांजच्याला सूर्यापुढून बुध जाणार, बघायला या.' वाडीनं त्याचं ग्रहण करून टाकलं होतं. आणि ग्रहण सुटलं की साठवलेलं पाणी वतायचं (ओतून द्यायचं), ही रीत. एरवी तुळशीचं पान टाकलं की पाणी चालतं, पण वाडीतल्या तुळशी केव्हाच वाळल्या होत्या. गावातले वडीलधारे आबा सांगून मोकळे झाले होते, "हौद बी वता. दोष लागल." हे ऐकून माझं डोकं भणाणलं. तहानलेल्या माणसांचं पाणी मातीत घालायला निघाले होते!

ऊन कलल्यावर संस्थेच्या अंगणात दुर्बीण मांडली, तोंडावर फिल्टर चढवला. बाया हंडे घेऊन भिंतीच्या सावलीला बसल्या. आबा ओट्यावर. कौसाबाई उरलेली भाकरी हातात घेऊन, सर्वांसमोर खात खात आल्या आणि म्हणाल्या, "संस्थेची सभा सुरू. ज्यानं डोळा लावला न्हाई, त्याला हात वर करायचा हक न्हाई."

एकेक बाई पुढे आली. "कुठंय? ह्ये? ज्वारीवरली काणी (दाणा काळा करणारा रोग) तरी मोठी दिसती. एवढंच?"

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला गोड लागला.

आबा जागचे हलले नाहीत. "ल्हान असू द्या. आडवं गेलं म्हंजी गेलं."

कौसाबाईंनी मला विचारलं, "बाई, आनखी काय काय जातं ह्याच्याम्होरून?"

"शुक्र जातो, कधीतरी. आणि लघुग्रह, म्हणजे आभाळात फिरणारे दगड. ते सारखेच कुठले ना कुठले जात असतात. इतके लहान, की ह्या दुर्बिणीतही दिसत नाहीत."

"आज बी?"

"आज, काल, उद्यासुद्धा."

कौसाबाई आबांकडे वळल्या. "ऐकलं का, आबा? मंग रोजच ग्रहण हाय. रोज वतायचा हौद? का दिसंल तेवढ्याचाच दोष?"

कौसाबाईंनी ठराव मांडला, 'हौदातलं पाणी ओतायचं नाही'. शेजारणीनं अनुमोदन दिलं. हात वर झाले, बांगड्या वाजल्या. कौसाबाईंनी हौदात तांब्या बुडवला आणि बुध सूर्यावर असतानाच उभ्यानं प्यायल्या. मग सगळ्याच प्यायल्या.

ठिपका तसाच घेऊन सूर्य डोंगराआड गेला. ठिपका तसाच घेऊन सूर्य डोंगराआड गेला. दिवेलागणीला आबांची सून रिकामा हंडा घेऊन आली, मान खाली घालून. कौसाबाईंनी तो भरला आणि तिच्या डोक्यावर चढवला.

"कावून दिलं?" शेजारीण फणकारली.

"ठरावात न द्यायचं कुठं लिवलंय?"

सकाळी निघताना फळा पाहिला. फॅटच्या आकड्यांखाली लिहिलं होतं, 'आजही सूर्यापुढून दगड जाणार. हंडे घेऊन या.' कौसाबाईंनी माझी बाटली हौदातून भरून दिली. मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

घाट उतरताना ऊन थेट तोंडावर आलं. शेजारच्या बाईनं पडदा ओढायला हात पुढे केला, मी म्हटलं, राहू द्या. घरी सगळे विचारणार होते, बुध कसा दिसला म्हणून. खरं सांगायचं तर बुध मी नीट पाहिलाच नाही, मी माणसं बघत होते. बाटली उघडली. पाणी कोमट होतं, टँकरच्या लोखंडाचा वास होता त्याला. सूर्याकडे तोंड करून मी ते घटाघट प्यायले. त्याच्यापुढून तेव्हा काय जायचं ते जात असेल.