ताकदीची गोळी

माझा काका शिंपी. कापडाला हात लागला की सोनं, पण तोंड उघडलं की आमच्या अंगाचा तिळपापड. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं तरी हा गोड बोलून माप घेणार. घरात मात्र कुणाला आजारी पडायची सोय नाही.

काकू दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला मनाच्या आजारावर रोजची गोळी दिली. त्या गोळीने काकू उठली, हसू लागली. याला लाज कसली, तर त्या गोळीची. दुकानात चार माणसं येतात, कुणी नाव वाचलं तर? म्हणून याने गोळ्या पाकिटातून सोडवून बटणांच्या बरणीत भरल्या आणि घरात सांगितलं, ताकदीच्या आहेत. आम्हा सगळ्यांना तेच खरं वाटायचं.

मग एकदा काकूला उलट्या लागल्या. पाणीही ठरेना. जवळच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही. ताकदीची गोळी घेते, बस," काका म्हणाला. काकू तेव्हा बाहेर बादलीवर ओणवी होती. डॉक्टरांनी उलटीवरची गोळी लिहून दिली.

ती घेतली आणि थोड्या वेळाने काकू मोरीपाशी कोसळली. काकाने आणि मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून पाहिली. "ठोके बिघडलेत. उलटीची गोळी काही औषधांबरोबर घेतली की असं होऊ शकतं, त्यात या बाई उलट्यांनी गळून गेलेल्या. आधीपासून काय चालू आहे? चुकीचं काही दिलं तर जिवावर बेतेल."

"ताकदीची गोळी."

"नाव सांगा तिचं."

काका कॉलर चाचपू लागला. शेजारच्या खाटेपाशी त्याचं जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. काकाची गरगर फिरणारी नजर पाहून तो लपवतोय हे मला कळलं, आणि तिथेच त्याचा गळा धरावासा वाटला.

काकूने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मनाची गोळी आहे, डॉक्टर. नैराश्यावरची." मग तिने नाव सांगितलं. तिला ते पाठ होतं.

"हळू बोल, लोक ऐकतायत," काका पुटपुटला.

"ऐकू देत. तुमचं नाक वाचवता वाचवता माझा जीव जात होता."

काकू वाचली. काका अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो, "अशक्तपणा होता हो." मग आतल्या खोलीतून काकू गोळीचं खरं नाव मोठ्याने सांगते, आणि याची कात्री वाकडी जाते.