ग्रामसभेच्या दिवशी आम्हाला नाशिकला नेलं

माझ्या छातीवरचा बिल्ला आमची संस्था चालवणाऱ्या ताईंनी स्वतःच्या हातानं काढला. सगळ्यांसमोर. हॉलच्या दारात, जिथं पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते तिथं.

बिल्ल्यावर 'प्रतिनिधी' लिहिलं होतं. सकाळी मीच खोक्यातला एक उचलून पदराला टोचला होता. मुंबईहून कुणी अभ्यास करणारा पोरगा आला आणि त्याला बिल्ला उरला नव्हता. ताईंनी इकडंतिकडं बघितलं, सरळ माझ्याकडं आल्या, पिन उघडली. पदराचा धागा निघाला. त्या पोराच्या शर्टाला बिल्ला लावता लावता मला म्हणाल्या, "तुला कशाला गं? तू काय, घरचीच."

घरचीच. आमच्या संस्थेत हा शब्द लय चालायचा. खुर्ची कमी पडली की घरच्यांनी उठायचं. जेवण पाहुण्यांचं झाल्यावर. फोटोत मागं. आणि वर हसायचं, कारण घरच्या माणसाला कुठं राग येतो? मी पण हसले. पोरगा बिचारा अवघडला होता, तो "असू द्या" म्हणत राहिला.

आत मोठा कापडी फलक लावला होता. बदलत्या राजकारणात लोकशाही आणि स्वयंसेवी संस्थांची भूमिका. गंगापूर रोडचा हॉल, थंडगार, खुर्च्यांना पांढरी कापडं. आमच्या पाड्यावरच्या बाया मात्र खाली सतरंजीवर, स्टेजच्या डाव्या अंगाला. "सगळ्यांनी पारंपरिक नेसून या" असा निरोप होता. म्हणून हिराबाईनं लेकीच्या लग्नात नेसलेलं लुगडं काढलं होतं. हिराबाई म्हणजे आमच्या पाड्यावरची सगळ्यात मोठी बाई, माझी चुलत सासू. ती मला हळूच म्हणाली, "वर खुर्च्या रिकाम्या हायती, मग आपून खाली का?" मी तिला गप बस म्हटलं. पाठीमागच्या दोन रांगा शेवटपर्यंत रिकाम्या होत्या.

आता मी कोण ते सांगते. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची मी. कोकणा आदिवासी. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग भातलावणी. ताई आमच्या गावात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी कडेवर पोरगी घेऊन उभी होते. त्यांनी मला विचारलं, तुझं नाव काय. नवऱ्याचं नाही, माझं. असं मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढं त्यांनीच मला संस्थेत घेतलं, ग्रामसभेत उभं राहून बोलायला शिकवलं. एकदा मोर्चात पोलिसांनी आम्हाला उचललं तेव्हा ताई स्वतः ठाण्याच्या पायरीवर येऊन बसल्या, आम्हाला सोडेपर्यंत हलल्या नाहीत. हे मी विसरलेली नाही. विसरणार पण नाही. खोटं कशाला बोलू, माझी लेक संस्थेच्याच वसतिगृहात राहून नाशिकला बारावीला होती.

आमच्या पाड्याच्या वर एक डोंगर आहे. त्याच्या पोटाशी झिरा आहे. उन्हाळ्यात बाकी सगळं आटतं, तो तेवढा चालू असतो. वाटीवाटीनं पाणी भरायचं, पण मिळतं. तो डोंगर फोडून खडी करायची म्हणून एक ठेकेदार आला. डोंगर फुटला की झिरा गेला, हे सांगायला कुणी साहेब लागत नाही. ताईंनी आम्हाला सांगितलं, आपला भाग अनुसूचित आहे, गावाला विचारल्याशिवाय खाण होत नाही, ग्रामसभेत खाणीविरुद्ध हात वर करा. आम्ही केले. पुरुषांतले अर्धे ठेकेदाराच्या बाजूचे होते. कुणाला ट्रॅक्टर लावायचा होता, कुणाला मुकादमी. पण बाया जास्त होत्या. खाणीचा विषय पडला. त्या दिवशी ताईंनी मला मिठी मारली होती.

मग निवडणूक झाली. सरकार बदललं, आमदार बदलला. ठेकेदार नव्या आमदाराचा माणूस निघाला. आधी तो जुन्याचा होता म्हणा, त्याचं काय, वारा येईल तिकडं सूप धरणारा माणूस.

संस्थेला चौकशीचं पत्र आलं. पैसे बाहेरून येतात का, मोर्चे कोण काढतं, असलं सगळं. ताई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मला त्यांची काळजी वाटायची, मी घरून नागलीची भाकर नेऊन द्यायचे. मग हळूहळू ऑफिसातली भिंत बदलली. मुठी आवळलेलं पोस्टर गेलं, तिथं सूर्यफुलाचं चित्र आलं. आमच्या बैठकीत संघर्ष म्हणायचं बंद झालं, संवाद म्हणायचं सुरू झालं. ताई म्हणाल्या, संस्था जगली तर लढाई होईल, आता जरा वाकून राहू. आम्हाला पटलं. वादळात वाकावं लागतं, झाडाला पण लागतं.

मग त्यांनी मला सांगितलं, परिषदेला पाड्यावरच्या सगळ्या बाया आण. एकही मागं राहायला नको. गाडी पाठवते.

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे असं सरपंच सांगत होता. आमच्याकडं ग्रामसभेची दवंडी आदल्या संध्याकाळी देतात. कोतवाल डबा वाजवत पाड्यापाड्यावर फिरतो. त्या संध्याकाळी डबा वाजला नाही. म्हणून आम्ही बिनघोर गाडीत बसलो, बाया सावळ घाटात गाणी म्हणत होत्या.

स्टेजवर पाहुणे बसले. मधल्या खुर्चीत नवा आमदार. ताईंनी त्यांना शाल दिली. मग बोलायला उभ्या राहिल्या. आमच्याकडं हात करून म्हणाल्या, "या माझ्या आदिवासी भगिनी. यांना आवाज नाही. आम्ही त्यांचा आवाज आहोत." टाळ्या झाल्या. हिराबाईनं पण वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. नवऱ्याचा. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले. तो दबक्या आवाजात बोलत होता. तुमची गाडी निघाली आणि मग दवंडी दिली. आज दुपारी ग्रामसभा लावलीय. खाणीचा विषय आहे. पंचायतीत सगळे पुरुष. बाई औषधाला नाही.

पहिल्यांदा डोक्यात काय आलं असेल? ताईंना सांगू. ताई काहीतरी करतील. इतका विश्वास होता, बघा.

ताई भाषण उरकून बाहेर पाणी प्यायला आल्या. मी एका दमात सांगितलं, ताई, आजच सभा लावलीय, बायांना परत न्यायला पाहिजे, गाडी सोडा. त्यांनी गिलास खाली ठेवला, पदरानं ओठ पुसले. त्यांना नवल वाटलं नाही. राग आला नाही. "कुणी लावली, कशी लावली" असं कुणीही विचारतंच ना? त्यांनी विचारलं नाही. तिथंच मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्या खाली बघत बोलल्या. एक डोंगर गेला तर गेला, संस्था राहिली तर दहा डोंगर वाचवू. आमदार चौकशी थांबवायला तयार आहेत. वसतिगृहात एवढ्या मुली आहेत, संस्था बंद पडली तर त्या कुठं जातील. हे सगळं त्या सांगत होत्या आणि आवाज कापत होता. मग एकदम स्थिर झाल्या. म्हणाल्या, "तुझ्या पोरीचं बारावीचं वर्ष आहे. विचार कर."

मी बरंच सोसलंय आयुष्यात. बाजारात तराजूवरून हाकललेली आहे, दवाखान्यात 'ए बाई लांब उभी राहा' ऐकलेलं आहे. ती माणसं परकी होती. त्यांची चीड येते, शिवी देऊन माणूस मोकळं होतं. इथं ज्या बाईनं मला माझं नाव विचारलं होतं, तिनंच माझ्या पोरीचं वर्ष समोर ठेवलं होतं.

आत माझा पुकारा झाला. कार्यक्रमात माझीही दोन मिनिटं होती. संस्थेमुळे माझं जीवन कसं बदललं ते सांगायचं, आणि मान्यवरांचे आभार मानायचे. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीसारखा, मायेचा. मी स्टेजवर गेले.

समोर पांढऱ्या खुर्च्या, माणसं, मोबाइल वर केलेले. आमदार हसून बघत होते. मी म्हटलं, "आमच्या गावात आत्ता ग्रामसभा चालू आहे. खाण मंजूर करायला. आम्ही तिथं हात वर करू नये म्हणून आम्हाला इथं आणून बसवलंय."

माइक बंद झाला. कुणी केला बघितलं नाही. बंद केला तर केला, डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला हाक मारणाऱ्या बाया आम्ही. मी सतरंजीकडं वळले आणि म्हटलं, "बायांनो, उठा. फसवलंय आपल्याला. घरी चला."

पहिल्यांदा कुणी उठलं नाही. सगळ्या ताईंकडं बघायला लागल्या. इतक्या वर्षांची सवय. मग हिराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि लुगड्याचा ओचा खोचला. तिच्यामागं बाकीच्या उठल्या.

ड्रायव्हर म्हणाला, संध्याकाळशिवाय गाडी हलवायची नाही, तशी ऑर्डर आहे. त्याच्याशी भांडण्यात वेळ कुठं घालवायचा. अशोक स्तंभावरून रामवाडीचा पूल ओलांडून पेठ फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो, जवळजवळ पळतच. पोटात सकाळचा चहा. आमचं जेवण पाहुणे गेल्यावर होतं ना. लोक थांबून बघत होते, एकानं विचारलं कसला मोर्चा आहे. फाट्यावर आमच्याच भागातल्या काळीपिवळ्या जीपा उभ्या होत्या. कोंबून बसलो, दोघी तिघी मागच्या फळीवर.

पंचायतीच्या ओट्यावर सभा उठायच्या बेतात होती. सरपंच चप्पल घालत होता. आम्हाला बघून म्हणाला, विषय झाला, मंजूर झाला, आता उशीर झाला. हिराबाई दारात बसली. आडवीच. तिच्या शेजारी मी, मग एकेक करत सगळ्या. ग्रामसेवक आत, आम्ही दारात. मी म्हटलं, गाव बाहेर असताना सभा लावली ती सभाच नाही. परत विचारा, सगळ्यांसमोर, आणि हात मोजा. पुरुषांतला एक जण म्हणाला, या नाशिकच्या ताईच्या शिकवलेल्या बाया. मी त्याला म्हटलं, ताई आज तुमच्या बाजूला आहे.

अंधार पडायला लागला तेव्हा ग्रामसेवकानं परत विचारलं. बायांनी हात वर केले. काही पुरुषांनी पण केले, माझ्या नवऱ्यानं केला. मंजुरी मागं घेतली. पण सरपंचानं जाता जाता सांगितलं, पुढच्या सभेत हा विषय परत येणार, वरून आहे. म्हणजे जिंकलो असं काही नाही. एक दिवस थांबवलं, एवढंच.

पुढं काय झालं ते पण सांगते. ताईंनी निरोप धाडला, सगळ्या कार्यकर्त्यांसमोर माफी मागायची, मग सगळं पहिल्यासारखं. मी गेले नाही. माझं काम गेलं. लेक गादी गुंडाळून घरी आली. आता पेठला एसटीनं जाते, अर्ध्या वेळी एसटी येत नाही. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुला डोंगर दिसला, मी नाही दिसले." ते मला लागलं. अजून लागतं. तिला झिऱ्याचं पाणी प्यायला घालून मोठी केली हे मी तिला सांगितलं नाही, बारावीच्या पोरीला ते पटायचं नाही. भांडून झालं की ती अभ्यासाला बसते, मी चूल पेटवते.

हे ऐकून काही जण मला म्हणतात, म्हणजे संस्था नकोतच. असं मी म्हणत नाही. सरकार कुणाचंही असो, त्याला विचारणारं कुणीतरी पाहिजेच, नाहीतर हे लोक घरात येऊन चुलीवरचं भांडं उचलतील. पण सरकार बदललं की घाबरायचं, आणि घाबरलं की आमचा डोंगर पुढं करायचा, ही कुठली भूमिका? आमचा आवाज व्हायला आम्ही मुक्या नव्हतो. सोबत पाहिजे होती आम्हाला. खुर्ची देता येत नसेल तर सतरंजीवर येऊन बसायचं होतं.

मध्ये नव्या पक्षाचा माणूस येऊन गेला, महिला आघाडीचं पद घे म्हणाला. जुन्या पक्षाचा पण आला, तुमच्यावर अन्याय झाला, आमच्या सभेत येऊन सांगा म्हणाला. दोघांना कोरा चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पुढची ग्रामसभा जवळ आलीय. कोतवाल डबा वाजवो ना वाजवो, आता आम्ही बाया पंचायतीच्या ओट्यावर आळीपाळीनं बसतो, भात निवडतो, आणि आत कोण येतं कोण जातं ते बघतो. आमचं ठरलंय. सभा होईपर्यंत पाड्यावरची एकही बाई हद्दीबाहेर जाणार नाही. लग्न असो, बाजार असो, कुणाचं प्रशिक्षण असो. हिराबाईनं विचारलं, मयत झाली तर? मी सांगितलं, कुणाचीही होऊ दे. माझी झाली तर मला ओट्याशेजारी निजवा, आधी हात वर करा, मोजून घ्या, मग मला उचला.