फोटो किती सेकंद ठेवायचा

बाबा गेल्यावर मी त्यांचे फोटो आणि रेकॉर्ड केलेला आवाज गुंफून संगणकावर एक सादरीकरण केलं. त्याच्या मार्कअप भाषेत कोणता फोटो कधी यावा, किती सेकंद राहावा, हे ओळीओळीने लिहावं लागतं. मी प्रत्येकाला पाच सेकंद दिले.

आई बघायला बसली. सायकल पुसणारे बाबा आले आणि गेले.

"अरे, थांबव ना जरा. नीट बघू तरी दे."

मी त्या फोटोच्या ओळीतला आकडा काढला, माउस दाबेपर्यंत फोटो राहील असं लिहिलं, सादरीकरण पुन्हा लावलं आणि माउस तिच्या हाती दिला.

बाबांचा आवाज संपला, तरी आईने माउस दाबला नाही. मीही शेजारी बसून राहिलो. बाबा असताना त्यांच्याकडे इतका वेळ मी कधी पाहिलंच नव्हतं.